एका सीझनचा ताळेबंद

मे 1989 मध्ये 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकी मालिकेचा 'क्यू हू' नावाचा भाग दाखवला गेला. बोर्ग हा या मालिकेतला सर्वांत भीतिदायक शत्रू त्यात पहिल्यांदा दिसला. त्यानंतर दहा आठवड्यांनी त्याच सीझनचा शेवटचा भाग आला, 'शेड्स ऑफ ग्रे'. त्यात जहाजाचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी रायकर बिछान्यावर बेशुद्ध पडलेला असतो आणि आपल्याला जुन्या भागांमधली दृश्यं पुन्हा दाखवली जातात. चाहत्यांच्या सर्वोत्तम भागांच्या यादीत पहिला हमखास असतो आणि सर्वांत वाईट भागांच्या यादीत दुसरा. दोन्ही भागांचे मुख्य लेखक एकच, मॉरिस हर्ली. दोन्हींचा दिग्दर्शकही एकच, रॉब बोमन.

दहा आठवड्यांत माणसाची प्रतिभा आटत नाही. मग एवढी घसरण कशी झाली? या मालिकेचा दुसरा सीझन, नोव्हेंबर 1988 ते जुलै 1989, या प्रश्नाचं उत्तर फार स्पष्ट देतो. टीव्ही मालिकेतले चढउतार बऱ्याचदा कॅलेंडर आणि हिशेबाच्या वहीत ठरतात, आणि ते कसे ठरतात हे या 22 भागांमध्ये पायरीपायरीने पाहता येतं.

आधी थोडी ओळख. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर दिसलेली मूळ 'स्टार ट्रेक' ही 1966 ते 1969 या काळातली. तिचे निर्माते जीन रॉडेनबेरी यांनी 1987 मध्ये नवी मालिका सुरू केली. काळ मूळ मालिकेनंतर सुमारे शंभर वर्षांचा, जहाजाचं नाव तेच 'एन्टरप्राइझ', पण माणसं नवी. कॅप्टन पिकार्ड, त्याचा उजवा हात रायकर, मनातल्या भावना जाणणारी ट्रॉय, क्लिंगॉन या परग्रही वंशाचा वॉर्फ, अंध इंजिनिअर जॉर्डी आणि डेटा नावाचा यंत्रमानव. डेटाला भावना नाहीत, पण माणूस होण्याची ओढ आहे. मालिकेचं हृदय तिथेच आहे असं मला वाटतं.

आपल्याकडच्या दैनंदिन मालिकेत आठवड्याला पाच-सहा भाग जातात, एकेक भाग दिवसा-दोन दिवसांत चित्रित होतो आणि कथा चालेल तोवर चालते. त्या काळच्या अमेरिकी सीझनची रचना वेगळी होती. वर्षाला साधारण 26 भाग, आठवड्याला एक, प्रत्येक भागाची कथा बहुतेक वेळा स्वतंत्र. एक भाग चित्रित करायला सात-आठ दिवस लागत. चित्रीकरण हॉलिवूडमधल्या पॅरामाउंट स्टुडिओत चाले. जहाजाचे कायमचे सेट दोन मोठ्या स्टेजवर उभे होते. तिसऱ्या, सोळा नंबरच्या स्टेजवर परके ग्रह उभारले जायचे. तिथल्या उष्म्याला आणि धुराळ्याला कंटाळलेल्या मंडळींनी त्या स्टेजला 'प्लॅनेट हेल' असं नाव ठेवलं होतं.

पैशाची व्यवस्थाही निराळी होती. ही मालिका कुठल्या राष्ट्रीय वाहिनीवर नव्हती. पॅरामाउंटने ती देशभरातल्या स्थानिक केंद्रांना थेट दिली. केंद्रांनी रोख किंमत मोजायची नाही, त्याबदल्यात जाहिरातींच्या वेळेतला मोठा वाटा पॅरामाउंटने स्वतःकडे ठेवायचा आणि विकायचा. एका भागाचा खर्च सुरुवातीला 13 लाख डॉलरच्या आसपास सांगितला जाई. त्या काळी टीव्हीसाठी ही मोठी रक्कम होती.

आता ही रक्कम कशी वापरली जाते ते पाहू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. स्टुडिओ प्रत्येक भागासाठी एक सरासरी आकडा ठरवून देतो. एखादा भाग त्यापेक्षा महाग झाला तर चालतं, पण ती तूट त्याच सीझनमध्ये कुठेतरी भरून काढावी लागते. मध्यमवर्गीय घरात एका महिन्यात लग्नकार्य निघालं की पुढचे दोन महिने हात आखडता घेतात, तसंच. पोलीस किंवा डॉक्टरांच्या मालिकेत ही ओढाताण कमी असते, कारण रस्ता, घर, इस्पितळ तयार मिळतं. विज्ञानकथेत काहीच तयार मिळत नाही. नवा ग्रह म्हणजे नवा सेट, नवा परग्रहवासी म्हणजे नवा मेकअप आणि नवे कपडे, अवकाशातली लढाई म्हणजे छोट्या प्रतिकृती तासन्‌तास चित्रित करणं. त्यामुळे दर काही भागांनी लेखकांना सांगितलं जातं की या वेळी जहाजाबाहेर पडायचं नाही, आहेत त्याच सेटवर आणि आहेत त्याच नटांवर गोष्ट रचा. अशा भागाला त्या धंद्यात 'बॉटल शो' म्हणतात. ही सक्ती वाईटच असते असं समजू नका. त्याचा पुरावा पुढे येईल.

दुसऱ्या सीझनवर पहिला घाव चित्रीकरण सुरू होण्याआधीच बसला. 7 मार्च 1988 रोजी अमेरिकी पटकथाकारांच्या संघटनेने संप पुकारला आणि तो 7 ऑगस्टपर्यंत चालला. हे पाच महिने म्हणजे नेमका पुढच्या सीझनच्या लेखनाचा काळ. आपल्याकडे 2020 च्या मार्चमध्ये चित्रीकरण थांबलं तेव्हा मालिकांच्या भागांची 'बँक' संपली आणि वाहिन्यांना जुने भाग दाखवावे लागले, ते वाचकांना आठवत असेल. इथे बँक पटकथांची होती आणि ती रिकामी होती. 26 ऐवजी 22 भाग करायचं ठरलं आणि सीझनची सुरुवात नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत लांबली.

पहिल्या भागासाठी मग जुनं कपाट उघडण्यात आलं. 1977 च्या सुमारास मूळ मालिकेचं पुनरुज्जीवन 'फेज टू' या नावाने करायचं घाटत होतं. ते बारगळलं, पण पटकथा राहिल्या होत्या. त्यातली जॅरन समर्स आणि जॉन पोव्हिल यांची 'द चाइल्ड' काढून नव्या पात्रांना बसवली गेली. एका अज्ञात शक्तीमुळे ट्रॉयला दिवस जातात आणि दीड दिवसात मूल जन्मतं, अशी ती गोष्ट. तिच्यावर काय लादलं गेलं आहे याविषयी जहाजावरचे पुरुष तिच्यासमोरच चर्चा करतात आणि तिला काय वाटतं हे बराच वेळ कुणी विचारत नाही. दुसऱ्या पात्रासाठी आणि दुसऱ्या दशकात लिहिलेली गोष्ट घाईने उचलली की असं होतं. सीझनचा आरंभ दुबळा आहे.

त्याच भागात दोन नव्या बायका जहाजावर येतात आणि त्या दोघींचं पुढे काय झालं हेही पाहण्यासारखं आहे.

पहिली गायनन, जहाजाच्या 'टेन फॉरवर्ड' नावाच्या उपाहारगृहाची चालक. ही भूमिका केली व्हूपी गोल्डबर्गने. 1985 च्या 'द कलर पर्पल'मुळे ती मोठी चित्रपट अभिनेत्री झाली होती. त्या काळी अशा नट्या टीव्हीच्या छोट्या भूमिकांकडे वळत नसत. पण लहानपणी मूळ मालिकेत निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला जहाजाच्या अधिकाऱ्याच्या गणवेशात पाहून ती भारावली होती आणि तिने स्वतःहून काम मागितलं. गायननला फारसे प्रसंग नाहीत. ती ऐकते, थोडं बोलते आणि समोरचा माणूस आपला निर्णय आपणच घेतो. लेखकांना यामुळे एक मोठी सोय झाली. कॅप्टनच्या मनातलं आता भाषणाऐवजी संवादातून बाहेर काढता येऊ लागलं.

दुसरी डॉक्टर पुलास्की. पहिल्या सीझनमधली डॉक्टर क्रशर, म्हणजे अभिनेत्री गेट्स मॅकफॅडन, हिला काढून डायना मल्डॉरला आणलं गेलं. मल्डॉर चांगली अभिनेत्री आहे, मूळ मालिकेतही ती दोनदा दिसली होती. पण पुलास्कीची रचना मूळ मालिकेतल्या डॉक्टर मॅकॉयच्या धर्तीवर झाली. मॅकॉय तर्कनिष्ठ स्पॉकला सतत डिवचायचा, आणि स्पॉक तितक्याच धारदारपणे परतफेड करायचा; त्यात बरोबरीची लढत होती. पुलास्की डेटाला डिवचते, त्याचं नावही चुकीचं उच्चारते, आणि डेटा लहान मुलाच्या निरागसतेने ते ऐकून घेतो. प्रेक्षकाला तो छळ वाटतो. जुन्या यशाचा साचा उचलताना त्या साच्याच्या दुसऱ्या बाजूला कोण उभा आहे हे पाहिलं गेलं नाही. सीझनच्या उत्तरार्धात पुलास्की खूप सुधारली, तरीही तिसऱ्या सीझनमध्ये क्रशर परत आली.

घाईचे आणखी बळी आहेत. 'द आउटरेजस ओकोना'मध्ये डेटा विनोद शिकायला जातो आणि त्याला शिकवणारा विनोदवीर स्वतःच हसवत नाही. 'अप द लाँग लॅडर'मध्ये आयरिश वंशाचे वसाहतकरी दारू, डुकरं आणि आरडाओरडा यापलीकडे काही नाहीत. भविष्यातली माणुसकी सांगणाऱ्या मालिकेला ते शोभत नाही. ट्रेसी टॉर्मे या लेखकाच्या 'द रोयाल' या पटकथेत इतके फेरफार झाले की त्याने स्वतःचं नाव काढून टोपणनाव लावलं. या भागांवर जास्त वेळ घालवायला नको.

'एलिमेंटरी, डिअर डेटा' मात्र वेगळ्या कारणाने लक्षात ठेवायला हवा. होलोडेक म्हणजे हवं ते आभासी जग उभं करणारी जहाजावरची खोली. तिथे डेटा शेरलॉक होम्सचा खेळ खेळतो आणि जॉर्डीच्या बोलण्यातल्या एका चुकीमुळे संगणक जो प्रतिस्पर्धी घडवतो, तो प्रोफेसर मोरिआर्टी स्वतःचं भान असलेला निघतो. भाग सुंदर आहे. डॅनियल डेव्हिसने मोरिआर्टीला दिलेला दुःखी डौल आजही टवटवीत वाटतो. पण एकोणिसाव्या शतकातलं लंडन स्टेजवर उभारायला, पोशाख घडवायला भरपूर पैसा लागला. सीझनच्या तिसऱ्याच भागात उधारी सुरू झाली.

घाईतून नेहमीच वाईट निघतं असंही नाही. 'लाउड अॅज अ व्हिस्पर'मध्ये एका कर्णबधिर मध्यस्थाची कथा आहे आणि ती भूमिका हॉवी सिएगो या कर्णबधिर नटाने केली. मूळ पटकथेत शेवटी तो यंत्राच्या मदतीने बोलायला शिकणार होता. सिएगोने हरकत घेतली. पाहणाऱ्या कर्णबधिर मुलांना यातून चुकीचा संदेश जाईल असं त्याचं म्हणणं होतं. पटकथा बदलली गेली. आता तो युद्धखोर गटांना खुणांची भाषा शिकवायला ग्रहावर थांबतो. नव्या शेवटाने अख्ख्या कथेला अर्थ आला.

आता या सीझनच्या शिखराकडे येऊ. 'द मेझर ऑफ अ मॅन', नववा भाग, फेब्रुवारी 1989.

लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास. त्या कादंबरीकार, त्याआधी वकील. मालिकेच्या लेखकवर्गात तेव्हा त्या नव्हत्या. त्यांनी बाहेरून पटकथा पाठवली. गोष्ट अशी: एन्टरप्राइझ ज्या अवकाशदलाचं जहाज आहे त्या स्टारफ्लीटचा शास्त्रज्ञ ब्रूस मॅडॉक्स याला डेटासारखे आणखी यंत्रमानव बनवायचे आहेत, त्यासाठी डेटाला उघडून तपासायचं आहे. डेटाला खात्री नाही की या प्रयोगानंतर तो पूर्वीसारखा राहील, म्हणून तो नोकरीचा राजीनामा देतो. मॅडॉक्स म्हणतो, यंत्राला राजीनामा देता येत नाही, ते स्टारफ्लीटच्या मालकीचं आहे. प्रश्न न्यायाधीशांसमोर जातो. कार्यालय नवं, माणसं नाहीत. म्हणून नियमाप्रमाणे कॅप्टन पिकार्डने डेटाची बाजू मांडायची आणि रायकरने विरुद्ध बाजू. रायकरने नकार दिला तर निकाल आपोआप डेटाच्या विरोधात जाईल. मित्राला वाचवायचं असेल तर त्याच्याविरुद्ध मनापासून लढणं भाग आहे.

या भागात लढाई नाही, नवा ग्रह नाही, नवा परग्रहवासी नाही. काही खोल्या, एक टेबल, माणसं बोलताहेत. स्नॉडग्रास यांच्या वकिलीचा अनुभव इथे कामाला आला. रायकर पुरावा म्हणून डेटाचा हात काढून दाखवतो आणि शेवटी त्याच्या पाठीमागची कळ दाबून त्याला बंद करतो. डेटा टेबलावर कोसळतो. परत जागेवर जाताना रायकरचा चेहरा पाहा. जोनाथन फ्रेक्सने त्या क्षणी जे केलं आहे त्याला पैशाची गरज नव्हती.

मध्यंतरात पिकार्ड गायननकडे जातो. केस हातातून गेली असं त्याला वाटतं. गायनन शांतपणे विचारते की असे हजारो डेटा तयार झाले, त्यांना नकोशी कामं दिली, त्यांच्या इच्छेचा विचारच करायचा नाही असं ठरलं, तर त्या व्यवस्थेला काय म्हणायचं? पिकार्ड गुलामी हा शब्द स्वतःच उच्चारतो. स्नॉडग्रास यांच्या मनात ड्रेड स्कॉट खटला होता. 1857 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आफ्रिकी वंशाचे लोक नागरिक होऊ शकत नाहीत असा निकाल दिला होता. हा प्रश्न एका कृष्णवर्णीय अभिनेत्रीच्या तोंडी घालून मालिकेने जे साधलं ते कुठल्याही स्फोटाने साधलं नसतं. निकालात न्यायाधीश डेटाला आत्मा आहे की नाही ते ठरवत नाहीत. तो कुणाची मालमत्ता नाही आणि निवड करण्याचं स्वातंत्र्य त्याला आहे, एवढंच त्या सांगतात. हा संयमही वकिलाचाच.

मूळ चित्रीकरण टीव्हीच्या वेळेपेक्षा बरंच लांब झालं होतं. 2012 मध्ये ब्लू-रेवर 57 मिनिटांची विस्तारित आवृत्ती निघाली. सुरुवातीला अधिकाऱ्यांचा पत्त्यांचा डाव आहे, तोही मालिकेत प्रथम इथेच आला आणि पुढे इतका रुजला की 1994 मध्ये अख्खी मालिका त्या टेबलाभोवती संपली. स्नॉडग्रास यांना लगेच लेखकवर्गात नोकरी मिळाली.

सोळावा भाग 'क्यू हू'. त्याची मुळं पहिल्या सीझनच्या शेवटी होती. 'द न्यूट्रल झोन'मध्ये सीमेवरच्या वसाहती जमिनीतून उपटून काढल्यासारख्या नाहीशा झालेल्या दाखवल्या होत्या. तिथून नव्या शत्रूची सलग कथा रचायचा हर्लींचा बेत होता, संपामुळे तो राहून गेला. तो शत्रू आधी कीटकांची जमात म्हणून योजला होता. पण कीटक घडवणं परवडणारं नव्हतं, म्हणून यंत्रांचे अवयव बसवलेली माणसं आली. आणि इथे काटकसरीने कल्पनेला खोली दिली. किडा परका असतो. अर्धा यंत्र झालेला माणूस पाहताना, हे आपलंही होऊ शकतं, ही भीती वाटते. त्यांना नेता नाही, एकच सामूहिक मन आहे. त्यांचं जहाज म्हणजे नुसता घन, पुढचा-मागचा भागही नाही. त्यांच्याशी बोलणी होत नाहीत. जे शस्त्र एकदा चाललं ते दुसऱ्यांदा चालत नाही.

क्यू नावाचा सर्वशक्तिमान खोडसाळ जीव एन्टरप्राइझला सात हजार प्रकाशवर्षं दूर फेकतो आणि या शत्रूशी गाठ घालून देतो. जहाजावरची अठरा माणसं मरतात. पिकार्ड अखेर हार मानतो आणि क्यूकडे मदत मागतो. आत्मविश्वासाने भरलेल्या या मालिकेत नायक पहिल्यांदाच असा नमतो. या भागाला ध्वनीसाठी दोन एमी पुरस्कार मिळाले. पण नवे पोशाख, नवं जहाज, नवा सेट यांचा खर्च पुन्हा ठरल्या रकमेबाहेर गेला.

सीझन संपत आला तेव्हा वही उघडली गेली. बोमन यांनी पुढे सांगितलं आहे की होम्सच्या आणि बोर्गच्या भागांना जास्तीचे पैसे दिले, आता तीन दिवसांत एक भाग करून द्या, असा स्टुडिओचा निरोप होता. तीन दिवसांत पूर्ण भाग होत नाही. जुन्या दृश्यांनी जागा भरली तरच होतो. त्या काळी अशा भागांची रीत होती, कारण जुने भाग हवे तेव्हा पुन्हा पाहणं आजच्याइतकं सोपं नव्हतं. म्हणून रायकरला विषारी काटा टोचला, आणि मेंदूतल्या जंतूंना मारायला त्याच्या कटू आठवणी जागवायचा उपाय पुलास्कीने शोधला. कथेतली ही युक्ती जमाखर्चातून जन्मलेली आहे. मालिका जेमतेम दोन वर्षांची होती, आठवणीही तेवढ्याच. हर्लींनी पुढे या भागाची बाजू कधी घेतली नाही.

त्या सीझननंतर हर्लींनी मालिका सोडली. तिसऱ्या सीझनमध्ये लेखकवर्गाचे प्रमुख म्हणून मायकेल पिलर आले, नवोदितांच्या पटकथांसाठी दार उघडलं गेलं आणि मालिका तिच्या बहरात आली. जून 1990 मध्ये बोर्ग परतले ते 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स'मध्ये, आणि पिकार्डलाच घेऊन गेले. त्या भागाची धार दुसऱ्या सीझनमध्येच लावलेली होती.

माझ्या मते हा सीझन सरासरीने मध्यम आहे आणि त्यातले दोन भाग टीव्हीवरच्या विज्ञानकथेत अव्वल आहेत. ही मालिका कधीच पाहिली नसेल तर नवव्या भागापासून सुरुवात करा, आधीचं काही ठाऊक नसलं तरी अडत नाही. मग आठवा 'अ मॅटर ऑफ ऑनर' पाहा, त्यात रायकर क्लिंगॉन जहाजावर नोकरी करतो. नंतर सोळावा. बाविसावा वगळलात तरी चालेल.